गळलेली आठ अक्षरं

परशा, तुझ्या मातीला लई माणसं आली. मी मोजत नव्हतो, पण डोळे मोजत होते. निपाणीकडचे केळीवाले आले, खानापुरातले ऊसवाले आले, बेळगावातनं तुझ्या लॅबचे साहेब आले. त्यातल्या एकानं मला विचारलं, "आपण कोण?" मी म्हणालो, "त्याचा थोरला भाऊ." तर तो म्हणतो, "असं होय. त्यांना भाऊ होता, ठाऊकच नव्हतं." साठ वर्षं मी तुझा थोरला भाऊ आहे आणि तुझ्या तिरडीपाशी उभा राहून मला ते सांगावं लागलं. रडू आलंच होतं, ते तिथंच आटलं. रागानं आटलं. खोटं कशाला लिहू.

मी चौथी शिकलेला माणूस. पेन धरलं की नांगराची मूठ धरल्यासारखं धरतो, असं तूच हसायचास. तरी हे माझ्या हातानं लिहितोय. आपल्या दोघांतलं भांडण तिसऱ्याकडनं लिहून घ्यायचं म्हणजे अब्रूच गेली की.

तुझ्यावर मी जळलो. पाटीवर जळलो, दप्तरावर जळलो. पुढं बेळगावात तुझ्या अंगावर पांढरा कोट आला, त्यावरही जळलो. बानं दोघांतल्या एकालाच शाळेत ठेवलं आणि तो तू निघालास. मला बैल मिळाले. पण एक गोष्ट माझ्याकडं होती ती तुझ्याकडं नव्हती, आणि तिच्या जिवावर मी तुझ्यापुढं मान ताठ ठेवली. माझं नाक.

आपल्या घराला गावात मान कशाचा, तर वासाच्या भाताचा. बानं ते बी जपलं, त्याच्या बानं जपलं. अक्षय्य तृतीयेला सगळं गाव बुट्ट्या घेऊन आपल्या दारात येतं आणि आपल्या कणगीतलं बी नेतं. त्याआधीची मेहनत कुणाला दिसत नाही. भात फुलोऱ्यावर आलं की वाफ्यात शिरायचं, एकेका रोपाचं पान चुरगाळायचं, नाकाशी न्यायचं. वास नसला की ते रोप उपटून बांधावर. बानं हे मला शिकवलं, एकट्याला. बा गेल्यावर चाळीस वर्षं गावाच्या ताटातला भात माझ्या नाकातनं गेला.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. कोरोनाच्या दुसऱ्या साली मला ताप आला. नाकात काडी घालून नेली आणि दोन दिवसांनी तुझाच फोन. तेव्हा तुम्हा लोकांना तुमच्या तपासायच्या पेटीसकट शेतीच्या लॅबमधनं दवाखान्याच्या लॅबला कामाला लावलं होतं.

"अण्णा, पॉझिटिव्ह हाय. आतल्या खोलीत एकटा ऱ्हा. वैनीला जवळ येऊ देऊ नको."

"तुझी पेटी खोटं बोलती," मी म्हणालो. "मला काय झालेलं न्हाय."

"पेटीला तुझी भीती वाटत न्हाय अण्णा, म्हणून खरं बोलती."

तापातनं उठलो. पण वास गेला तो गेलाच. गावातल्या सगळ्यांचा परत आला, माझा आला नाही. शेण, अगरबत्ती, करपलेलं दूध, सगळं सारखंच. मी कुणाला बोललो नाही. दर भादव्यात वाफ्यात शिरत होतो, पान चुरगाळत होतो, नाकाशी नेत होतो, डोळे मिटत होतो. आणि अंदाजानं उपटत होतो. उंची बघून, पानाचा रंग बघून. वाटलं, चाळीस वर्षांचा हात आहे, चुकणार कसा. बांधावरनं जाणारे म्हणायचे, "अण्णा भेसळ काढाय लागलेत." मी मान हलवायचो.

गेल्या भादव्यात वरच्या आळीतनं कुजबुज आली, की अण्णाच्या बियाला पयल्यासारखा वास न्हाय. मी म्हणालो, तोंडं बंद करतो. तुझ्या पेटीची तारीफ गावभर होती. तिच्याकडनंच दाखला आणायचा ठरवला. दहा रोपांची कोवळी पानं ओल्या फडक्यात गुंडाळली आणि बसनं बेळगाव गाठलं. तू नोकरीतनं सुटला होतास, पण साहेबांना तुझ्याशिवाय जमत नव्हतं, म्हणून तू आठवड्यातनं तीन दिवस जात होतास. ह्यावरही मी जळलो. मला कुणी परत बोलावलेलं नाही, कारण मला कुणी सोडलेलंच नाही.

दारातच तू मला कोट घातलास, हातमोजे चढवलेस आणि नाकावर मास्क बांधलास. ज्या नाकाच्या जिवावर मी आलो होतो त्याच्यावरच.

"हे कशाला?"

"तुझ्या अंगावरचा भाताचा एक कण जरी नळीत पडला तरी त्येच्यापण कोटीनं नकला व्हत्यात. आपण बियाच्या भाताची मळणी करायच्या आदी खळं कसं झाडतो? तसंच."

ते मला पटलं. पटलं म्हणून राग आला.

पान तू इवल्याशा नळीत घातलंस, मिठाचं आणि साबणासारखं काहीतरी पाणी ओतून चेचलंस, गरम केलंस, गरगर फिरवलंस. शेवटी गार स्पिरिट घातलंस तर आत पांढरे तंतू दिसले, कोळ्याच्या जाळ्यासारखे. "हे बघ, डीएनए," तू म्हणालास. "ह्याच्यात भाताचं समदं लिवलेलं असतंय. उंच किती व्हायचं, फुलायचं कवा, वास द्यायचा का न्हाय."

"कुणी लिवलं?"

"ते तुझ्या देवाला इचार. मी वाचणारा माणूस."

मग तू मला समोर बसवून शिकवलंस. परशा, तू शिकवताना चांगला दिसायचास. हेही मी कधी बोललो नाही. म्हणालास, ही दोन पदरी दोरी आहे, पिळलेली. अक्षरं चारच. एका पदरावर एक अक्षर असलं की समोरच्या पदरावर त्याची जोडी ठरलेली, सोयरीक बदलत नाही. म्हणून एक पदर हातात असला की दुसरा कसा असणार ते कळतं. दोरी लई लांब, त्यातला वासाचा तेवढाच तुकडा पाहिजे. पण तो एवढा बारीक की डोळ्याला दिसायचा नाही. मग काय करायचं, तर त्या तुकड्याच्या नकला काढायच्या. दिसेपर्यंत काढायच्या.

पेटीत नळ्या ठेवल्यास. आधी पेटी पाणी उकळायच्या बेताला नेते, दोरीचा पीळ सुटतो आणि दोन पदर वेगळे होतात. मग जरा निवते. निवली की तुम्ही घातलेले आखूड तुकडे, प्रायमर म्हणालास, त्या दोन पदरांवर आपापल्या जागी जाऊन बसतात. इथनं इथंपर्यंत, अशा खुणा रोवल्यासारखे. मग परत थोडी तापते आणि आतला कारागीर त्या खुणेपासनं समोरची अक्षरं जोडत जातो. शहापुरातले विणकर उभ्या ताण्यात आडवा बाणा भरतात तसा. एका दोरीच्या दोन झाल्या. परत तापव, परत निवव. दोनाच्या चार.

"उकळत्या पाण्यात तुझा कारागीर मरत न्हाय?"

"न्हाय. त्यो गरम पाण्याच्या झऱ्यात राहणाऱ्या जंतूकडनं घेतलेला हाय. चटक्याची सवय हाय त्येला."

"एकाचे दोनच? माझा एक दाणा शंभर देतो."

"व्हय अण्णा. पर तुझा दाणा वरसातनं एकदा देतो. ही पेटी दर दोन-तीन मिन्टाला देती. धा येळेला हजार, वीस येळेला धा लाख, तीस येळेला शंभर कोटी. तुझा कपातला च्या निवायच्या आत न्हाय, पर जेवून येईपर्यंत व्हतंय."

 माझ्या उभ्या जन्माची सुगी तुझी पेटी जेवायच्या वेळेत उरकत होती.

जेवताना तू सांगत बसलास. ह्याच युक्तीनं माझ्या नाकातला कोरोना सापडला होता. थुंकीतला क्षय सापडतो, औषधाला दाद देणार का नाही तेही कळतं. निपाणीकडच्या केळीच्या रोपांत रोग लपलाय का, ते लावायच्या आधीच समजतं. बेवारस हाडं कुणाची, बाप कोण, लेक कोण, हेपण.

"मग आपण दोघं एका बाचे का ते बघ की," मी म्हणालो.

"नको. एकाच बाचे निघालो तर तुला आनकी राग यील."

दोघंही हसलो. ते आपलं शेवटचं हसणं. तेव्हा कळलं असतं तर भाकरी आणखी सावकाश खाल्ली असती.

जेवून आलो. तू खरवसासारखी मऊ, पण पारदर्शक अशी एक वडी काढलीस, तिच्या एका कडेला बारीक खाचा. दहा खाचांत माझी दहा रोपं. अकराव्या खाचेत नुसत्या पाण्याच्या नळीतलं. "हिच्यात काय दिसलं तर समदं टाकून परत करायचं," तू म्हणालास. स्वतःवर असा पहारा ठेवणारा धंदा मी पहिल्यांदा बघितला. मग वीज सोडलीस. आखूड तुकडे पुढं पळतात, लांब मागं राहतात. प्रायमर असे बेतलेत की वासाच्या भाताचा तुकडा आखूड येतो, बिनवासाचा लांब.

वीज चालू असताना तू एक गोष्ट सांगितलीस, ती अजून डोक्यातनं जात नाही. म्हणालास, मुळात सगळं भात बिनवासाचंच. कधीतरी, कुठंतरी, एका रोपाच्या दोरीतनं आठ अक्षरं गळली. ती गळली म्हणून एक काम बंद पडलं, आणि ते बंद पडलं म्हणून वास साठायला लागला.

"म्हंजे आपलं भात अधू?"

"अधू न्हाय रं अण्णा. कायतरी गेलं म्हणून वास आला."

निळ्या उजेडावर वडी ठेवलीस. पाण्याची खाच कोरी. माझ्या दहा खाचांत रेघा चमकल्या. सहा रेघा खाली, पळालेल्या. चार वर, मागं राहिलेल्या. मला वाचून दाखवायची गरज नव्हती. चौथी शिकलेल्यालाही तेवढं वाचता येतं.

तू हळू म्हणालास, "ह्या वरसाचं बी कुणाला देऊ नको अण्णा."

मी उठलो. कोट काढून खुर्चीवर टाकला. म्हणालो, "चाळीस वर्षाचं माझं नाक खोटं आणि तुझी पेटी खरी? बानं मला शिकवलंय, तुला न्हाय. जळतोस तू." तुझ्या साहेबांनी काचेपलीकडनं मान वर करून बघितलं.  भेसळ आली कशी, हे तू मला विचारलं नाहीस. खडेबाजारात येऊन मी एका दुकानाच्या पायरीवर तासभर बसलो आणि मनात घोकत राहिलो, पेटी खोटी, पेटी खोटी. भात कापलं, मळलं, कणगीत भरलं. दिवाळीला तू आलास तेव्हा मी रानात गेलतो. संक्रांतीला आलास तेव्हा झोपेचं सोंग घेतलं. वैनीजवळ तीळगूळ ठेवून गेलास. मग चैत्रात तुझ्याच घरनं फोन आला, तुझ्या बायकोचा. छातीत कळ आली आणि तिथंच.

तुझं बारावं गावातल्या घरी घातलं. जेवणाला तांदूळ माझ्या कणगीतल्या भाताचा, दुसरा कुठला असणार. गुंजीहून आक्का आली. पंचाहत्तरीची आपली बहीण, रेल्वेनं, काखेत एक गाठोडं घेऊन. त्यातला तांदूळ तिनं वेगळ्या पातेल्यात शिजवला, तुझ्या नैवेद्याचं पान वाढायला.  म्हातारीची माया आहे म्हणालो.

मंडपात माणसं बसलेली. माझ्या भाताचं मोठं पातेलं उघडलं, वाढपी फिरले, बोलणं चालूच होतं. मग आक्कानं तिच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. परशा, बोलणं थांबलं. एकेक तोंड तिकडं वळलं. वरच्या आळीतला म्हातारा हातातला घास तसाच धरून म्हणाला, "व्हय. हे आपलं वासाचं."

मी जवळ गेलो, पातेल्यावर वाकलो. नाकाला फक्त ऊन वाफ लागली. पण मला वास घ्यायची गरज नव्हती. मंडपातली तोंडं बघितली आणि तुझी वडी आठवली. कोण खाली, कोण वर, समोर लख्ख दिसत होतं.

आक्काला घरामागच्या परड्यात गाठलं. "हे भात कुठलं?"

"आपलंच की. माझ्या लग्नात आयनं ओटीत घातलेलं. तवापास्नं वरच्या वाफ्यात घरापुरतं करतोय. तू काय कवा इचारलंस?"

आईनं ओटीत बी घातलेलं मला ठाऊकच नव्हतं. पोरीच्या ओटीकडं कोण बघतंय. मी आपला कणगीवर नाग होऊन बसलेला.

"परशा आलता संक्रांतीला," ती म्हणाली. "तुझ्याकडनं तसाच माझ्याकडं आलता. धा दाणे नेले, भिजवून मोड आणून तपासले. मागनं फोन केला, आक्का, समदे खरे हाईत. दोन पोती येगळी काढून ठेव, अण्णा मागायला येईल."

"मी? आणि आलो नसतो तर?"

"मीबी तेच म्हटलं. तर म्हणतो, यील. त्येला येळ लागतो."

मग तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "तुला वास येत न्हाय हे त्येला ठाव होतं रं. तुमचं भांडण व्हायच्या आदी, गणपतीत तू त्येच्या घरी जेवायला गेलतास न्हवं? त्या दिवशी त्येनं बाजारातला तांदूळ शिजवलेला. तुला इचारलं, अण्णा, भात कसा हाय. तू डोळे मिटून म्हणालास, आपलाच हाय, वास लपतोय व्हय."

आठवलं. मी तसंच म्हणालो होतो. दोनदा वाढून घेतला होता.

"मग मला तोंडावर का न्हाय बोलला?"

"मीबी म्हटलं, सांग की त्येला. तर म्हणाला, अण्णाजवळ तेवढंच हाय. ते मी कसं काढून घिऊ?" आक्कानं डोळ्याला पदर लावला. "लहानपणी लई जळायचा तुझ्या नाकावर. बानं दोन मुठी पुढं धरल्या, एकीत वासाचं भात, एकीत साधं, वास घिऊन ओळख म्हणाला, त्येला ओळखंना. बा म्हणाला, हा शेताच्या कामाचा न्हाय, ह्याला शाळंत घाला. त्या दिवशी चुलीमागं बसून रडलेला. शाळा त्येला बक्षीस न्हाय मिळाली रं. तू पास झालास म्हणून मिळाली."

परशा, हे ऐकल्यावर पहिल्यांदा मला काय झालं सांगू? बरं वाटलं. तुझ्या बाराव्याला, तुझं पान अजून कावळ्यानं शिवलेलं नाही आणि मी परड्यात उभा राहून खूश. साठ वर्षं मी एकटाच जळत नव्हतो. तूपण जळत होतास.

आणि मग ते मुठींचं सगळं डोळ्यापुढं आलं. आक्काला जे ठाऊक नाही तेही. बानं मुठी धरल्या तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस. सहा-सात वर्षांचा होतास. मी बाच्या मागं उभा होतो आणि मला ठाऊक होतं, डाव्या मुठीत. एक भुवई हलवली असती तरी पुरलं असतं. मी आभाळाकडं बघितलं. तुला कळू नये म्हणून बघितलं. तू उजवी धरलीस.

तू मात्र माझी मूठ झाकलेली ठेवलीस. चार भिंतींतही उघडली नाहीस. ह्यातही पुढंच गेलास.

मी मंडपात गेलो. पंगत उठायची होती. म्हणालो, "अक्षय्य तृतीया चार दिवसांवर हाय. यंदा माझ्या कणगीतलं बी कुणी न्यायचं न्हाय. भेसळ हाय. मला चार वर्षं वास येत न्हाय. नुसतं सोंग करत होतो." एवढं बोलायला मला जेवढा दम लागला तेवढा सगळी सुगी ओढायला लागत नाही.

 मग तो वरच्या आळीतला म्हातारा ताक पिऊन म्हणाला, "गेल्या साली माझ्या गोठ्यात मेलेल्या घुशीशेजारी बसून तू तासभर गप्पा मारल्यास अण्णा. मला तवाच शंका आलती." लोक हसले. मीही हसलो. नंतर तुझी बायको आत रडायला लागली आणि बायका उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी आक्काबरोबर गुंजीला गेलो आणि मागितलं. आक्का, बी दे. आयुष्यात पहिल्यांदा बियासाठी मी कुणाच्या दारात बुट्टी धरली. दोन पोती भिंतीला लावून ठेवलेली होती, वर तुझ्या अक्षरात चिठ्ठी, 'अण्णा'. बाकी काही नाही. तृतीयेला गावाला वाटलं. कुणी माझं नाव घेतलं, कुणी आक्काचं. दोघा-तिघांनी तुझं घेतलं, आणि मला जरा लागलं. इतक्यात सुटणार नाही ते.

भादव्यात परत दहा पानं घेऊन तुझ्या लॅबला जाणार आहे. मास्क बांधायला सांगितलं तर मुकाट बांधीन. पाण्याची नळी ठेवलीय का, तेवढं विचारीन.

कायतरी गेलं म्हणून वास आला, असं तू म्हणालास. माझं नाक गेलं, तू गेलास. मी रोज सकाळी उरलेल्या बियात तोंड घालून बघतो. अजून काही येत नाही. आलं तर त्या दिवशी दोन मुठी मिटून तुझ्या फोटोपुढं उभा राहीन आणि म्हणीन, ओळख. आणि तू माझ्याकडं बघितलंस की मी सांगेन, परशा, डावी.